दोनशे अकरा पुडकी

खुशालरावांचा फोन आला तेव्हा प्राजक्ता राजकमल चौकात एका गाडीपुढे गिला वड्याची वाट बघत उभी होती आणि मनातल्या मनात नाश यादीच्या पायऱ्या म्हणत होती. जुनी कागदपत्रं नष्ट करायची म्हणजे उचलून रद्दीत घालायची नव्हेत. त्याला यादी लागते, मुदत संपल्याचा दाखला लागतो, दोघांच्या सह्या लागतात, आणि चौथं काहीतरी लागतं ते तिला तीन दिवस काही केल्या आठवत नव्हतं. आज गुरुवार, परीक्षा रविवारी, अकोल्यात. ज्या शिक्षणसंस्थेच्या अभिलेख कक्षात आपण बावीस वर्षं गठ्ठे बांधले आणि सोडले, त्याच खोलीत टिकून राहायला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी प्रमाणपत्र परीक्षा द्यायची, याचा पहिला राग आता ओसरला होता. उलट तिला त्या अभ्यासाची चक्क गोडी लागली होती. हे तिनं घरी कळू दिलं नव्हतं, कारण कळलं असतं तर तिच्या नवऱ्यानं, अश्विननं, वर्षभर पुरेल एवढं चिडवलं असतं.

"ताई, खुशालराव बोलून राहिलो, बाळापूरहून. वळखलं का?"

ओळखलं होतं. तिच्या वडिलांचे जुने यजमान. अकोल्याच्या जुन्या शहरातलं घर सोडून वीस वर्षांपूर्वी बाळापूरला शेतावर राहायला गेलेले, पण धर्मकार्याला अजून तिच्या वडिलांनाच बोलावणारे.

"गुरुजीची तब्येत बरी हाये ना जी?"

"बरी आहे. का हो?"

"नाही, तसं काई नाही." त्यांच्या आवाजामागे शेतावरचा वारा वाजत होता. "सोमवारी पितृपक्ष लागते. मनून आमच्या वडलाची, बापूची तिथी इचारली म्या सकाळी. त्यायनं एकादशी सांगतली. आता बापू तं गेले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मंजे प्रतिपदा. सारं गाव तान्हा पोळा करून राहिलं होतं अन् आमी बापूले घेऊन घाटावर."

"मग तुम्हाला ठाऊक आहे तर विचारता कशाला, खुशालराव?"

"इचाराच लागते ना, ताई," ते अगदी सहज म्हणाले. "दरसाल इचारतो. बापूही इचारत."

वडा हातात आला, वर दही पडलं, चटणी पडली. तिनं तो तसाच धरून ठेवला. तिच्या वडिलांनी, नानांनी, तिथी चुकीची सांगितली, हे वाक्य तिच्या डोक्यात बसायला जागाच सापडत नव्हती. नाना सायकलीवरून पडले, नाना चिडले, नानांनी आईला न विचारता दोन क्विंटल गहू आणला, हे सगळं तिच्या आठवणीत नीट लावलेलं होतं. पण तिथी चुकली, असा कप्पाच नव्हता. पंचावन्न वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. चौकातली गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती, एक रिक्षावाला "ताई, बाजूले व्हा" म्हणून ओरडला, आणि मग ती बाजूला होऊन आठवडे मोजू लागली. चुकली ती आत्ता चुकली. म्हणजे तीन आठवड्यांत. तीन आठवड्यांपूर्वी, दोन दिवसांची रजा काढून, ती स्वतः अकोल्याला गेली होती.

नाना, म्हणजे हेमचंद्र गुरुजी, अकोल्याच्या जुन्या शहरातले भिक्षुक. देवापुढे स्वच्छ संस्कृत आणि देवाकडे पाठ फिरली की वऱ्हाडी. त्यांच्या दोन पत्र्याच्या लांबट पेट्या होत्या आणि त्यांत दोनशे अकरा पुडकी. एका यजमान घराण्याचं एक पुडकं: कोण कधी जन्मलं, कोण कुठल्या तिथीला गेलं, गोत्र काय, कोण दत्तक आलेलं, कुणाचं नाव कुणापुढे काढायचं नाही. पंचांगाच्या कोऱ्या पानांवर लिहिलेले हे कागद जुन्या उपरण्याच्या, धोतराच्या तुकड्यांत बांधून एकामागे एक उभे लावलेले. कुणी विचारलं की नाना पेटीशी बसायचे, हात आत जायचा आणि पुडकं बाहेर यायचं. लहानपणी प्राजक्ताला वाटे, सगळ्यांच्याच वडिलांना हे येतं.

आणि तिनं काय केलं होतं? अभ्यासाच्या पुस्तकात लिहिलं होतं, एखादा लहानसा संग्रह घेऊन सराव करा. लहानसा संग्रह म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचलंच नाही. दोन दिवस ती माजघरात फतकल मारून बसली. पुडकी सोडली, आतलं काही वाचायचं नाही हे लहानपणचं बजावणं पाळून फक्त वरचं आडनाव पाहिलं, आणि सगळं वर्णानुक्रमानं लावलं. आधी अवचार, मग इंगळे, मग उमाळे, थेट हिवरकरांपर्यंत. चार रंगांच्या प्लॅस्टिकच्या फायली, छापील चिठ्ठ्या, झाकणाच्या आत चिकटवलेली सूची. पेट्यांत पुडक्यांच्या मधेमधे सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे आणि लाकडाच्या चिपा निघाल्या. ह्या माणसाला काहीच टाकवत नाही, असं म्हणत तिनं तो सगळा केर भरून बाहेर नेऊन ओतला. "नाना, तुम्ही दोनशे अकरा म्हणता, दोनशे बारा निघाली," असंही तिनं वर ऐकवलं. नाना खाटेवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. "असतील," ते म्हणाले, आणि मग, "छान केलं गं तू. लय मेहनत घेतली." तिनं पेटीचा फोटो कचेरीच्या ग्रुपवर टाकला होता. अकरा जणांनी शाबासकीचे अंगठे पाठवले होते.

शुक्रवारी ती रजा टाकून निघाली. लेकीनं, निधीनं, डब्याबरोबर अभ्यासाचं पुस्तक पिशवीत कोंबलं आणि शिक्षिकेच्या थाटात बजावलं, "शेवटचे दोन दिवस फक्त उजळणी. नवीन काही वाचायचं नाही." एसटीत खिडकी मिळाली. बाहेर सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, कपाशीच्या पऱ्हाटीला नुकती फुलं दिसत होती, आणि शेजारचा माणूस शेंगा सोलून टरफलं आपल्याच शर्टाच्या खिशात भरत होता. प्राजक्तानं नानांना पाच वेळा फोन लावला. बंद. मग मन रमवायला पुस्तक उघडलं, आणि नेमकं नववं प्रकरण उघडलं. हे दोन पानांचं, दोन गुणांचं प्रकरण तिनं हिशेबीपणानं सोडून दिलं होतं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी उभी होती, चहावाले खिडक्यांवर ठोकत होते, आणि तिनं वाचलं: संग्रह ज्यानं तयार केला त्यानं तो ज्या क्रमानं ठेवला असेल, तो क्रम मोडू नये. बाहेरच्या माणसाला तो पसारा वाटला तरीही मोडू नये. क्रम हीसुद्धा माहिती असते, आणि ती एकदा गेली की कुठल्याच कागदावर सापडत नाही.

तिनं पुस्तक मिटलं. शेजारच्या माणसानं शेंगा पुढे केल्या, त्या तिनं घेतल्या आणि मुठीत धरून ठेवल्या. चाळीस हजार दाखले, हजेरीपटांचे गठ्ठे, सेवापुस्तकं, हे सगळं जिच्या बोटावर आहे तिला हे कुणी सांगायला हवं होतं? कचेरीत एखाद्या नव्या कारकुनानं तिच्या फडताळाला हात लावला तर ती आठवडाभर त्याच्याशी बोलत नसे. आणि नानांच्या पेटीला मात्र क्रम असेल असं तिला वाटलंसुद्धा नाही. ट्यूबचे तुकडे दिसले, केर दिसला. आपलंच माणूस असलं की त्याला काही पद्धत असेल असं आपल्याला वाटतच नाही, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि बोरगाव येईपर्यंत गेलं नाही. लाज ही अशी असते की ती एकाच जागी बसत नाही. कधी कानात, कधी तळहातांत. शेंगा ओल्या झाल्या होत्या.

दार चंदानं उघडलं. ती सकाळ-संध्याकाळ नानांचा स्वयंपाक करून जाते, आणि त्या घरात तिचा शब्द नानांच्या शब्दाच्या एक पायरी वरच चालतो. "बरं झालं आल्या, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "गुरुजीनं फोन बंद करून पेटीत टाकला. तीन वेळा लोकं दारात येऊन गेले. 'तब्येत बरी नाही' सांग मनते मले. तब्येतीले काई झालं नाही त्यायच्या."

नाना माजघरात पेटीपुढे बसले होते. एका हातात भिंग, एका हातात टॉर्च. भिंग चिठ्ठीवर टेकवायचं, नाक भिंगाला लावायचं, ओठ हलवायचे, पुढच्या चिठ्ठीवर जायचं. प्राजक्ता आत येऊन त्यांच्या डाव्या बाजूला दोन हातांवर उभी राहिली. तिला वाटलं, आता बघतील. आता मान वळेल. नाना वाचत राहिले, "गावंडे... गावंडे... गिऱ्हे..." भरदुपार होती, खिडकीतून ऊन तिच्या अंगावर पडलं होतं, आणि तिच्या वडिलांना ती दिसत नव्हती.

"नाना."

ते एवढे दचकले की टॉर्च पडला. "काहून गं? आजच आली? परीक्षा तर रविवारी आहे ना?"

"किती दिवसांपासून असं आहे?"

"कसं?"

"नाना."

त्यांनी भिंग पुसलं, घडी घालून ठेवल्यासारखे हात मांडीवर ठेवले. "दिवस कसले? पाच वर्षं झाली. काचबिंदू म्हणते डॉक्टर. नळीतून पाहिल्यासारखं दिसते. मधातलं दिसते, बाजूचं नाही. भिंग लावलं तर एक ओळ वाचता येते. पण कोणती ओळ वाचायची ते आधी ठाऊक पाहिजे ना."

"मला सांगितलं नाही."

"काय सांगायचं? काम चालून राहिलं होतं."

काम चालून राहिलं होतं. ती पेटीच्या कडेशी खाली बसली. पाच वर्षं हा माणूस हातानं मोजून नेमकं पुडकं काढत होता, त्यातला कागद भिंगाखाली धरत होता, आणि तो असा सरावानं काढत होता म्हणूनच कुणाला, पोटच्या मुलीलासुद्धा, कळलं नव्हतं की त्याची नजर गेली आहे. तिनं लावलेल्या रंगीत फायलींमध्ये दोनशे चिठ्ठ्या एकेक करून वाचाव्या लागत होत्या. फोनवर माणूस ताटकळणार किती? म्हणून खुशालरावांना आठवणीतून सांगितलं, आणि आठवणीनं दगा दिला. "चंदाला वाचायला सांगायचं," ती म्हणाली, पण म्हणतानाच तिला कळलं. नानांनी मान हलवली. "लोकांच्या घरातलं आहे ते. तूही नाही वाचलं."

चंदा दाराआडून म्हणाली, "मी वाचलंही नसतं." आणि पाणी ठेवून गेली.

"मी पुन्हा लावून देते," प्राजक्ता म्हणाली. "क्रम कसा होता ते फक्त सांगा."

"क्रम कसला गं? सायकल."

"म्हणजे?"

"सायकल जशी जात होती तसं." नाना पहिल्यांदा हसले. "घरून निघायचं, एकेक घर घेत जायचं. गल्ली संपली की ट्यूबचा तुकडा. पेठ संपली की लाकूड. माणूस घर सोडून गेला तरी पुडकं त्याच्या जागेवरच. खुशाल बाळापूरला गेला, पण माझ्या पेटीत अजून काळ्या मारोतीजवळच राहते."

पण सांगा म्हटल्यावर नानांना ते सांगता येईना. दहा-बारा घरं झाली की अडकायचे. पाच वर्षं बोटांनी मोजलं होतं, नावांनी नाही. सत्तावीस म्हटलं की बोट थांबायचं. बोटांना ठाऊक होतं ते तोंडाला येत नव्हतं. "जाऊ दे," शुक्रवारी संध्याकाळी ते म्हणाले. "आता झालं माझं. एवढे दिवस चाललं, खूप झालं. तू पेपरचा अभ्यास कर." ते हे इतक्या सरळ आवाजात म्हणाले की प्राजक्ताला रडूच आलं. सोमवारी पितृपक्ष लागणार होता. पंधरा दिवस फोन वाजणार, आणि पेटीतला फोन बंद राहिला की लोक दुसऱ्या गुरुजींना विचारणार, चांगल्या मनानं, वाईट वाटून. मग ते विचारायचं थांबणार. नाना खाटेवर बसून राहणार. हे तिनं केलं होतं. रंगीत फायलींनी.

शनिवार हा उजळणीचा दिवस होता. सकाळी तिनं पुस्तक उशाशी ठेवलं, माजघरात पथारी घातली आणि डोळे मिटले. आई सकाळच्या शाळेत शिकवायला जायची, म्हणून सहा ते दहा ह्या वयातल्या प्राजक्ताच्या सगळ्या सकाळी नानांच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर गेल्या होत्या. दांडीला पंचा गुंडाळलेला. तरी मांडीला वळ उठायचा. तिनं तो वळ आधी आठवला. मग नानांच्या अंगरख्याचा, गंधाचा आणि घामाचा वास. मग घंटी.

"निघालो," ती म्हणाली.

"हवा भरली का?" नाना म्हणाले.

"भरली. गल्लीतून उजवीकडे. पहिलं घर लोखंडी झोपाळ्याचं. कुर्रकुर्र वाजायचा. ते मला पेढा द्यायचे आणि तुम्ही तो खिशात टाकायचे."

"तायडे वकील," नाना म्हणाले आणि हात पुढे केला. तिनं फाईल शोधून त्यांच्या हातात ठेवली. चंदानं जुने कापडाचे तुकडे धुऊन एका पिशवीत जपून ठेवले होते. गुरुजींच्या पेटीतलं आपण काही फेकत नसतो, असं तिनं प्राजक्ताकडे न बघता सांगितलं. नानांनी कागद कापडात बांधले आणि पेटीत उभे केले.

पुढे तेलघाणी. करडईच्या तेलाचा वास असा यायचा की ती नाक नानांच्या कोपरात खुपसायची. म्हणजे घर डावीकडे. त्यानंतर एक पेरूचं झाड भिंतीवरून बाहेर आलेलं, तिथे नाना सायकल मुद्दाम हळू करायचे आणि ती हात वर करायची. पेरूच्या पुढे काळा कुत्रा. कुत्र्याच्या पुढे इस्त्रीवाल्याची शेगडी, तिची ऊब डाव्या पायाला लागायची. राजेश्वराच्या देवळापाशी उतार, तिथे काही कारण नसताना घंटी. ती सांगत होती आणि नाना नावं देत होते, वानखडे, ढोरे, बोबडे, मिटकरी, जसे काही ते इतकी वर्षं फक्त कुणीतरी वास आणि ऊब पुरवण्याचीच वाट बघत होते. ट्यूबसाठी ती मध्येच उठून जयहिंद चौकातल्या पंक्चरवाल्याकडे गेली. मेलेली ट्यूब मागणारी बाई त्यानं आधी पाहिली नव्हती. "ताई, ही नाही चालणार, हिच्यात दम नाही," तो कळवळून सांगत राहिला. परत आल्यावर कात्री चालवताना तिच्या लक्षात आलं की आपण दोन तास पुस्तकाकडे पाहिलेलं नाही आणि आपल्याला फार बरं वाटतं आहे.

दुपारी एकशे त्रेचाळीसवर ती थांबली. काळा मारोती गेला, खुशालरावांचं जुनं घर गेलं, त्यापुढे थोडी घरं, आणि मग काहीच नाही. वास नाही, आवाज नाही. तिनं पुन्हा पेरूपासून सायकल आणून पाहिली. पुन्हा तिथेच संपली.

"हरिहरपेठेत आपण जायचो ना, नाना? मला का आठवत नाही?"

"तू झोपायची," नाना म्हणाले. "मारोतीच्या पुढे गेलो की तुझी मान खाली. मग मी एका हातानं तुला धरायचो अन् एका हातानं सायकल."

"एवढी घरं? रोज?"

"तर काय, उठवायचं?"

हे तिला ठाऊक नव्हतं. कसं असणार? चाळीस वर्षांच्या आठवणींत ज्या रस्त्याची नोंदच नव्हती, त्या रस्त्यावरून कुणीतरी तिला रोज एका हातानं धरून नेलं होतं. तिनं परीक्षेची वही उघडली, मागची कोरी पानं काढली, चपला घातल्या आणि नानांना म्हणाली, "चला."

चार वाजता बापलेक निघाले. नानांचा हात तिच्या कोपरात. पाच वर्षांत ते इकडे पायी आले नव्हते, आणि जुनं शहर तेवढ्यात बरंच बदललं होतं. पण नाना ते बघत नसल्यामुळे त्यांना त्याचा काही अडथळा नव्हता. ते मधेच थांबायचे. "इथं कडुनिंब आहे?"

"नाही. मोबाईलचं दुकान आहे."

"त्याच्या मागचं घर. पांडे. लिही." मग पन्नास पावलं. "इथं नाली ओलांडली का आपण?"

"नाली बुजवली, नाना."

"बुजवू दे. नाली ओलांडली की उमाळे, मग धाकटे उमाळे. दोघं बोलत नाहीत, म्हणून मधात एक चिप असते."

ती लिहीत गेली. धारण कालावधीच्या, म्हणजे कुठला कागद किती वर्षं जपायचा त्या तक्त्याच्या मागच्या पानावर, उमाळे, धाकटे उमाळे, चिप. दारात बसलेल्या एका म्हातारीनं हाक मारली, "गुरुजी? तुमी तं बिमार होते ना?" आणि नानांनी जरा ओशाळून सांगितलं, "होतो थोडासा. पोरगी आली, तिनं बाहेर काढलं." दगडी पुलाशी आले तेव्हा नानांनी उगाच तिच्या दंडावर दोनदा बोट वाजवलं. तिला आधी कळलं नाही. मग कळलं, घंटी. ती उतारावर उभी राहून हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नानांना ते दिसणार नाही याचं तिला त्या क्षणी बरं वाटलं, मग लगेच वाईट वाटलं.

दिवेलागणीला दोनशे अकरा झाली. पेट्या भरल्या. पथारीवर एक पांढरं पुडकं उरलं, वर आडनाव नसलेलं. तीन आठवड्यांपूर्वी तिनं ते 'अवर्गीकृत' अशा चिठ्ठीच्या फायलीत, सगळ्यात मागे टाकलं होतं, उघडूनही न पाहता. आता तिनं ते नानांच्या हातात दिलं. कापडाला बोट लागताच त्यांनी ओळखलं.

"ही सिंधू," ते म्हणाले.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. "आई मोजणीत नाही?"

"ती यजमान आहे का?" नानांनी पहिली पेटी पुढे ओढली, तायड्यांच्या अलीकडे बोटानं जागा केली आणि पुडकं तिथे उभं केलं. "हिला हात लावायचा अन् निघायचं. पहिल्यापासून असंच आहे. घरून निघताना दारात हीच असायची ना."

प्राजक्तानं त्या रात्री पुस्तक उघडलं नाही. फक्त जेवणाआधी बाहेर ओट्यावर जाऊन बाळापूरला एक फोन केला. "खुशालराव, उद्या दुपारी नानांना पुन्हा एकदा विचाराल का?" "इचारतो ना," ते म्हणाले. "मले इचाराचंच हाये."

परीक्षा अकोल्यातच, कौलखेडकडच्या एका संगणक केंद्रात होती. पंचविशीतली मुलं-मुली आणि त्यांत ती. शंभर प्रश्न, दोन तास. नाश यादीची चौथी पायरी विचारली होती आणि ती तिला तिथेही आठवली नाही. अंदाजे एका पर्यायावर टिचकी मारली. सदतिसावा प्रश्न असा होता: एका वैयक्तिक संग्रहात वस्तू वरकरणी कुठल्याही पद्धतीविना ठेवलेल्या आढळतात. तुम्ही प्रथम काय कराल? पर्याय चार. वर्णानुक्रम, कालानुक्रम, विषयानुक्रम. आणि चौथा, संग्रह ठेवणाऱ्याला विचारू. ती त्या पडद्याकडे इतका वेळ बघत राहिली की पर्यवेक्षक बाईंनी येऊन विचारलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?" "नाही," ती म्हणाली. "चाललंय." मग चौथ्यावर टिचकी मारली आणि पुढे गेली. निकाल दहा दिवसांनी मेलवर येणार होता.

ती घरात शिरली तेव्हा पेटीजवळ ठेवलेला फोन वाजत होता. चालू केलेला होता, हे तिनं पाहिलं. चंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थांबली. नानांनी फोन उचलला, स्पीकरचं बटण सरावानं दाबलं.

"गुरुजी, खुशालराव. बापूची तिथी कोणती जी?"

"थांबा." नानांनी फोन मांडीवर ठेवला. उजवा हात पेटीत गेला. पहिल्या पांढऱ्या पुडक्यावर बोट टेकलं, क्षणभर तिथेच राहिलं, आणि निघालं. प्राजक्ताला त्या बोटाबरोबर सगळं ऐकू येऊ लागलं, कुर्रकुर्र, तेलघाणी, पेरू, कुत्रा. ट्यूबचा तुकडा. उतार. लाकूड. दुसरी पेटी. तिनं दाराची चौकट धरली होती. बोट थांबलं, एक पुडकं मागे गेलं, पुन्हा पुढे आलं, आणि एक निळ्या काठाचं पुडकं बाहेर निघालं. नानांनी गाठ सोडली, कागद काढला, भिंग टेकवलं.

"प्रतिपदा," ते म्हणाले. "भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. पोळ्याचा दुसरा दिवस. पितृपक्षात पहिलाच दिवस येते तुमचा. उद्या."

"बरं झालं इचारलं, गुरुजी. आमी तं इसरलोच होतो."

नानांनी भिंग खाली ठेवलं. "खुशालराव, गुरुवारी मी तुम्हाला एकादशी सांगितली होती. चुकलं माझं."

"गुरुवारी?" बाळापूरच्या वाऱ्यातून आवाज आला. "गुरुवारी कुठं फोन केला म्या? सोयाबीनच्या वावरात होतो मी गुरुवारी, दिवसभर. तुमाले दुसऱ्या कोनाचा आला असंन."

"असंल," नाना म्हणाले. "उद्या नऊला येतो. कणिक जरा सैल भिजवायला सांगा, गेल्या वर्षी पिंड फुटले होते."

फोन ठेवून त्यांनी कागद कापडात घातले, गाठ मारली, आणि पुडकं त्याच्या जागेवर, दोन शेजाऱ्यांच्या मधे, अंगठ्यानं चेपून बसवलं. "खोटं बोलते लेकाचा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. मग मान थोडी डावीकडे वळवून, ती जिथे उभी असेल असं त्यांना वाटलं तिथे बघत त्यांनी विचारलं, "पेपर कसा गेला गं?"

प्राजक्ता पुढे झाली आणि त्यांना दिसेल अशी अगदी समोर जाऊन बसली.

"एक प्रश्न नक्की बरोबर आला, नाना," ती म्हणाली.